उकिरड्याचे पांग

उकिरडा म्हणजे घरातील ओला कचरा, अंगणातील पालापाचोळा आणि जनावरांचे शेण एकत्र कुजण्याची जागा. भंडारा जिल्ह्यातील खेड्यांत ती घरामागे, सांदवाडीच्या कडेला असते. उकिरड्याला किंमत नाही, झाकण नाही आणि माहितीपुस्तिका नाही. या तीन उणिवांमुळे तो मागासलेला ठरला. गावातला माणूस तालुक्याला किंवा भंडाऱ्याला घर बांधू लागला, तेव्हा उकिरड्याची जागा आधी दुचाकीला आणि मग चारचाकीला मिळाली.

‘होम कंपोस्टर’ हा उकिरड्याचा सुधारलेला प्रकार होय. तो प्लास्टिकचा असतो, घरपोच येतो आणि पाहुण्यांना दाखवता येतो. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, ही म्हण त्याच्या बाबतीत शब्दशः खरी ठरली आहे.

कुजवण्याचे शास्त्र जुने आहे. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने यशवंत वाड यांच्यासह इंदूर येथे प्रयोग केले आणि १९३१ मध्ये ‘इंदूर पद्धत’ पुस्तकरूपाने मांडली. विदर्भाला तर इंदूरपर्यंतही जाण्याचे कारण नव्हते. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखले जाणारे ‘नाडेप’ टाके याच मातीतले. ते जमिनीच्या वर, विटांचे, १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असते. त्यात काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर देतात. भिंतीत हवेसाठी भोके ठेवलेली असतात. गवंड्याने ती प्रामाणिकपणे बुजवू नयेत म्हणून मालकाने समोर उभे राहावे. ९० ते १२० दिवसांत खत तयार होते. म्हणीतली मुदत बारा वर्षांची असल्याने कोणी घाई केली नाही.

खतासाठी कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ३०:१ लागते. भाजीची देठे, फळांच्या साली आणि चहाचा चोथा नत्र देतात. वाळला पाला, लाकडाचा भुसा आणि धानाचे तणस कर्ब देतात. दोन्ही एकाच घराच्या आवारात सापडतात, हीच मोठी अडचण आहे. म्हणून देठे घंटागाडीत जातात आणि पाला कोपऱ्यात पेटवला जातो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचऱ्याचे ओला, सुका आणि घरगुती घातक असे वर्गीकरण उगमस्थानीच करावयास सांगितले होते. उगमस्थान म्हणजे घरातील बाई, असा त्याचा अर्थ एकमताने लावण्यात येतो. सोसायटीच्या सभेत वर्गीकरण ‘आपण’ करायचे असते. सकाळी मात्र ते ‘ती’ करते.

कुजण्यात हवामानाचाही वाटा आहे. जुलैत जिल्ह्यात धानाच्या बांध्या भरतात, तसा उघडा खड्डाही भरतो. मे महिन्यात त्यातला ओलावा उडून जातो आणि कुजणे थांबते. म्हणून पावसाळ्यात झाकण आणि उन्हाळ्यात पाण्याचा शिपका आवश्यक असतो. मूठभर कचरा पिळल्यावर बोटांना ओल लागावी, पण पाणी गळू नये, हे सोपे माप आहे. दुर्गंधी आली तर हवा कमी पडली किंवा ओल वाढली असे समजावे, वाळला पाला मिसळावा आणि ढीग हलवावा. प्रत्यक्षात दुर्गंधी येताच पर्यावरणप्रेम संपते, कंपोस्टर गच्चीवर जातो आणि त्यात कपड्यांचे चिमटे ठेवले जातात.

जे चिकाटीने टिकतात त्यांना काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसातल्या मातीचा वास असलेले खत मिळते. ते झाडांच्या मुळांशी मातीत मिसळावे. परंतु तोवर अंगणात गट्टू बसवलेले असतात आणि माती उरते ती तुळशीपुरती. दोन ओंजळी खत तुळशीला पुरते. उरलेले पिशवीत भरून, छायाचित्र काढून, गावाकडच्या भावाला दिले जाते. भाऊ ते आदराने नेतो आणि उकिरड्यावर टाकतो.