गोळीची उलटतपासणी

घरात कुणाला डिप्रेशन आलंय अशी कुणकुण लागली, की तासाभरात जेवढे वैद्य जमतात तेवढे केईएमच्या ओपीडीतही नसतील. मावशी मोती घालायला सांगते, कारण चंद्र बिघडलाय. काका पहाटे पाचला उठून टेकडी चढायला सांगतात. (काका स्वतः साडेआठला उठतात.) वहिनींकडे ब्राह्मीचं तेल असतं, आतेभावाच्या ओळखीत पंचकर्मवाले असतात, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचं निदान तर जिन्यातच होतं: रिकामं डोकं, दुसरं काय! एरवी या मंडळींचं एकमेकांशी पाण्याच्या टाकीवरूनही पटत नाही. इथे मात्र सगळ्यांचं एकमत. मानसोपचारवाल्याकडे जायचं नाही. त्या गोळ्यांची सवय लागते.

झोप उडते, जेवण तुटतं, नोकरी जायच्या बेतात येते, तेव्हा कुठे तो माणूस चोरासारखा डॉक्टरकडे जाऊन गोळी घेऊन येतो. मग घरात गोळीची उलटतपासणी सुरू होते. चष्मे चढतात, खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद दिव्याखाली धरला जातो. मळमळ? लिहिलंय. घाम? लिहिलंय. 'बघ, मी म्हटलं नव्हतं!' काढ्याच्या बाटलीत असा कागद नसतोच. त्यामुळे काढा पुराव्याअभावी निर्दोष सुटतो.

'झाडपाल्याचा अपाय नसतो' म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुंबईतलीच आहे. सर्पगंधा आपल्याकडे शतकानुशतकं वापरात. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये उच्च रक्तदाबावरचे तिचे परिणाम मांडले आणि जगाची नजर या मुळीकडे वळली. १९५२मध्ये सीबा या स्विस कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. रक्तदाब उतरला, मनोरुग्णालयांतले अस्वस्थ रुग्ण शांत होऊ लागले. पाठोपाठ डॉक्टर लिहू लागले की काही रुग्णांचं मनही उतरत चाललंय. हा दोष खरोखर रेसर्पिनचा किती, यावर पुढे बरेच वाद झाले. पण मेंदूतली रसायनं आणि नैराश्य यांचं नातं शोधण्याची सुरुवात ज्या निरीक्षणांतून झाली, त्यांतलं हे एक. म्हणजे जिला परकी म्हणून आपण नाकं मुरडतो, त्या गोळीच्या कुळकथेत आपल्याच मातीतली एक मुळी बसलेली आहे.

युरोपात सेंट जॉन्स वर्ट नावाची पिवळ्या फुलांची वनस्पती आहे. सौम्य ते मध्यम नैराश्यात ती गुणकारी असल्याचं बऱ्याच चाचण्यांत दिसलंय, हे मान्य करायला हवं. पण तीच वनस्पती गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनचा असर कमी करते, आणि नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांसोबत घेतली तर जिवावरही बेतू शकतं. जे काम करतं ते शरीरात कुठेतरी लुडबूडही करतं, मग ते कुंडीत उगवो की कारखान्यात. लुडबूड अजिबात नको असेल तर डॉ. एडवर्ड बाख यांची अडतीस पुष्पौषधं आहेत. त्यांत अकारण दाटून येणाऱ्या उदासीसाठी चक्क मोहरी आहे! नीट घेतलेल्या चाचण्यांत ती खोट्या औषधाहून सरस ठरली नाहीत. मोहरीचं म्हणाल, तर फोडणीला ती उत्तमच.

काही घरांत पेशंटला थेट इगतपुरीला विपश्यनेला धाडतात. दहा दिवस मौन, सगळं ठीक होईल. आता खुद्द विपश्यनेच्या नियमावलीतच म्हटलंय की गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी हे शिबिर नाही, आणि ते आजार इथे बरे होतील अशी अपेक्षा धरून येऊ नये. देव नको म्हणतोय, पण भक्त ऐकत नाहीत.

गोळीवाल्यांनी फार हसू नये. २०१८मध्ये लॅन्सेटमध्ये ५२२ चाचण्यांचा एकत्र हिशेब छापून आला. त्यातली सगळी २१ औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली खरी, पण फरक बेताचाच होता. एवढ्या बेताच्या फायद्यासाठी तरी पेशंटशी नीट बोलावं! गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ बहुधा सुरुवातीलाच असते, बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवावी लागते, मनाने एकदम बंद केली तर चक्कर येते. हे सांगायला पाच मिनिटं पुरतात, पण तेवढ्यात आणखी दोन पेशंट होतात ना. कामेच्छेवर होणाऱ्या परिणामांविषयी तर डॉक्टर विचारत नाहीत आणि पेशंट सांगत नाही. दोघंही सुसंस्कृत घरातले.

आणि ती सवय? हाव सुटून डोस वाढवत न्यावा लागतो तो अल्प्राझोलामच्या जातीच्या झोपेच्या गोळ्यांचा. त्या मात्र लग्नघरात मावश्या एकमेकींना अर्धी-अर्धी मोडून देतात, बडीशेपेसारख्या.

या सगळ्या गदारोळात गोव्यातलं एक काम कुणाच्या कानावर गेलेलं नाही. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगाथ' या संस्थेच्या मंडळींनी तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या लोकांवर एक उपचार तपासला. उपचार करणारे डॉक्टर नव्हते, साधी माणसं होती, या कामापुरती शिकवून तयार केलेली. सहा ते आठ बैठका. काय करायचं सोडलंय ते विचारायचं, त्यातलं थोडं पुन्हा सुरू करवायचं, अडचण असेल तर दोघांनी मिळून वाट काढायची. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के लोकांची लक्षणं ओसरली होती. नेहमीचेच उपचार पण जरा नीट मिळालेल्यांत हा आकडा ३९ होता.

याचा फॉरवर्ड तुम्हाला कधी आला का? येणार कसा! यात बाटली नाही, खडा नाही, गुरुजींचा फोटो नाही. आरोग्य केंद्राचं बाकडं आणि समोर एक ताई, एवढ्यावर कुठली एजन्सी मिळते?

केंद्र सरकारचा टेलिमानस हा फोनही आहे, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही. तिकडचा माणूस म्हणे आधी तुमचं सगळं ऐकून घेतो आणि मग बोलतो. आपल्या नातेवाइकांना हा प्रकार संशयास्पद वाटला, तर त्यांना तरी काय दोष द्यायचा?