बायोडाटेवाले भाऊ

बायोडाटा ३० रुपये, रेझ्युमे ५० रुपये, सीव्ही १०० रुपये. मानेवाडा रोडवरच्या आमच्या भाऊंनी हे दरपत्रक लॅमिनेट करून भिंतीला चिकटवलं आहे. तिघांत फरक काय, असं विचारलं की ते मॉनिटरवरची नजर न हलवता सांगतात, "बायोडाट्यात बापाचं नाव येते. रेझ्युमेत येत नाही. सीव्हीत निळी पट्टी येते."

असे भाऊ नागपुरात दर मोहल्ल्याला एक सापडतात. खरं नाव कोणाला ठाऊक नसतं आणि कोणाचं अडतही नाही. दुकान दहा बाय आठचं. त्यात एक झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर, एक गणपती आणि एक कूलर. कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे. पारा ४५ ला टेकलेल्या मे महिन्यात गिऱ्हाइकानं काउंटरबाहेर घाम पुसत उभं राहायचं. "मशीन गरम झाली तर हँग होते. माणूस होत नाही," असं भाऊंचं निरीक्षण आहे. गालात खर्रा असल्यामुळे ते हनुवटी वर करून मोजकंच बोलतात. 'रिस्पॉन्सिबल' हा शब्द खर्ऱ्यासकट उच्चारणं शक्यच नाही. टाइप मात्र तो ते प्रत्येकाच्या कागदावर दोनदा करतात.

भाऊ बायोडाटा लिहीत नाहीत, 'काढून' देतात. त्यांच्याकडे 'फायनल नवीन २' नावाची एक फाइल आहे. फार वर्षांपूर्वी मेकॅनिकल डिप्लोमा झालेल्या कुण्या पोरासाठी ती बनली. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता तेवढा बदलत गेला. गीतेत आत्मा तोच राहतो आणि देह बदलतो. भाऊंकडे देह तोच राहतो. त्या मूळ पोराला क्रिकेट आणि टेबल टेनिसचा शौक होता, म्हणून आज मानेवाड्यापासून सक्करदऱ्यापर्यंत सगळी वस्ती टेबल टेनिस खेळते. सगळे प्रामाणिक, सगळे कष्टाळू, सगळ्यांची एमएस-सीआयटी झालेली. आणि सगळ्यांच्या तळाशी 'वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे', त्याखाली सही.

भाऊंचा मुख्य धंदा अर्थात लग्नाच्या बायोडाट्याचा. आपल्याकडे बायोडाटा म्हटलं की आधी रास, गण, नाडी आणि मामाचं कूळच आठवतं. नोकरीची आणि लग्नाची फाइल एकाच फोल्डरमध्ये शेजारी-शेजारी राहत असल्यानं त्यांची अधूनमधून सोयरीक होते. बँकेत गेलेल्या एका अर्जावर 'श्री गणेश प्रसन्न' आणि 'नाडी : अंत्य' असं होतं. वॉचमनच्या नोकरीसाठी गेलेल्या एका पोराच्या कागदावर शेवटी 'अपेक्षा : सुशील, घर सांभाळणारी, नोकरीवाली चालेल' असं छापून गेलं. भाऊंना सांगितलं तर म्हणाले, "मंग? सोसायटीवाल्यानं वाचलं काय? नाही ना? सोडा ना बाप्पा."

मागच्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या वहिनींना घेऊन मी तिथे गेलो. जवळच्या एका इंग्रजी शाळेला नर्सरीसाठी 'क्लासरूम असिस्टंट' हवी होती. या पदाची गंमत अशी की पोरं त्या बाईला ताई म्हणतात, टीचर मावशी म्हणते आणि पगाराच्या कागदावर ती हेल्पर असते. वहिनींनी आधी अंगणवाडीत मदतनीस व्हायचा विचार केला होता. पण तिथे २०२३ पासून बारावी पास लागते आणि वय १८ ते ३५. वहिनींची बारावी जागेवर होती. वय मात्र सहा वर्षं पुढे निघून गेलं होतं. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे हाताशी महिनाभर होता.

"ताई, तुमी फक्त नाव सांगा. बाकी आपल्याकडे रेडी आहे," भाऊ म्हणाले आणि तीन मिनिटांत प्रिंट काढून हातात दिली. मी वाचली. दोन पोरांची आई, एक्केचाळीस वर्षांची बाई, 'फ्रेशर'. ध्येय : 'नामांकित कंपनीत माझ्या तांत्रिक कौशल्यांचा उपयोग करणे'. छंद : क्रिकेट, टेबल टेनिस.

"भाऊ, ही नर्सरी आहे."

"मंग काय झालं? नर्सरीत टेक्निकल नाही राहत का?"

वहिनी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "राहू द्या ना भाऊजी. मला तसंही काय येते जी? घरचंच तर करते."

मला राहवेना. मी भाऊंना लिओनार्दो दा विंचीची गोष्ट सांगितली. १४८२ च्या सुमारास या माणसानं मिलानच्या लुडोव्हिको स्फोर्झाकडे नोकरीसाठी पत्र लिहिलं, त्याचा मसुदा आजही आहे. हलके पूल बांधतो, तोफा घडवतो, किल्ले फोडतो असं कलमवार मांडलं. चित्रं काढता येतात हे पार शेवटी. कारण समोरच्याला काळजी लढाईची होती, चित्राची नव्हती.

भाऊंनी खर्रा एका गालातून दुसऱ्यात घेतला. "एलिमेंटरी, इंटरमिजिएट झाली होती का त्याची?"

"नसावी."

"मंग शेवटीच टाकन ना बिचारा."

"मुद्दा तो नाही, भाऊ. या शाळेला काळजी कशाची आहे? पोरांच्या पहिल्या दिवसाची. तीन वर्षांची तीस पोरं, तीसच्या तीस रडणारी, गेटबाहेर रडणाऱ्या आया वेगळ्या. तिथे वहिनी काय करू शकतात ते लिहा."

मग मी वहिनींना विचारत बसलो. बाहेर पडायला लागलं ते ऐकून खुद्द कूलरचा आवाज कमी झाल्यासारखा वाटला. गल्लीतल्या कामावर जाणाऱ्या बायकांची चार-पाच पोरं वहिनींनी सहा वर्षं सांभाळली होती. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत. त्याला त्या काम म्हणत नव्हत्या, "बसतात आपली घरी" म्हणत होत्या. माहेर गोंदियाचं, त्यामुळे मराठी-हिंदीसोबत छत्तीसगढीही येते. बांधकामावरच्या मजुरांची पोरं त्यांच्याकडे विनातक्रार राहायची. आई दिसेनाशी झाल्यावर पोराला आधी कडेवर घ्यायचं की आधी खिडकी दाखवायची, याची त्यांची मतं ठाम होती. पोरगं दोन पाय जवळ घेऊन एकदम शहाणं झालं की त्याला शू लागली आहे, हे त्या खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखतात.

"हे लिवतात का जी कागदावर?" वहिनी लाजल्या.

"लिहितात. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडी चालवायला घेतली, तेव्हा पोरांना घरून गोळा करून आणणं आणि त्यांची नखं-केस साफ करणं इथूनच शिक्षण सुरू व्हायचं. ताराबाई लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीतच होत्या."

"अमरावतीच्या होत्या?" भाऊ पहिल्यांदा मॉनिटरवरून वळले. "मंग टाका ना. सांगा, काय लिवू?"

चार ओळी झाल्या. 'दोन ते पाच वर्षांची चार-पाच मुलं सहा वर्षं सांभाळण्याचा अनुभव. मराठी, हिंदी, छत्तीसगढी बोलते. तीन-चार मुलं एकदम रडत असली तरी शांत करता येतात. मुलानं न सांगता त्याची गरज ओळखते.' फ्रेशर गेलं, तांत्रिक कौशल्यं गेली. टेबल टेनिसला मात्र भाऊंनी हात लावू दिला नाही. "पान खाली रिकामं दिसते. गरीब वाटते." वर १० रुपये जास्त घेतले, 'मॅटर नवीन' म्हणून.

मुलाखतीचा वृत्तांत वहिनींनी संध्याकाळी फाटकाशी उभ्या राहून सांगितला. मॅडमनी कागद पाहिला, चष्मा वर केला आणि विचारलं, "तुम्ही टेबल टेनिस खेळता?"

"मी म्हटलं, नाही मॅडम, ते भाऊंचं आहे. वरच्या चार ओळी माझ्या आहेत."

मॅडमनी त्या चार ओळी वाचल्या. शाळा उघडण्याच्या दोन दिवस आधी या, म्हणाल्या.

ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीतला एक मेकॅनिकल इंजिनियर पोरगा माझ्याकडे धावत आला. मिहानमधल्या एका कारखान्यात त्याची मुलाखत होती आणि हातात भाऊंची ताजी प्रिंट होती. "काका, हे काय लिवून देल्लं पाहा!" मी पाहिलं. बी.ई., फर्स्ट क्लास. तीन-चार मुलं एकदम रडत असली तरी शांत करता येतात. मुलानं न सांगता त्याची गरज ओळखते. खाली टेबल टेनिस, त्याखाली 'वरील सर्व माहिती खरी आहे' आणि पोराची सही.

तसाच दुकानात गेलो. भाऊ शांत होते. "वहिनीची नोकरी याच्यावरच लागली ना? लकी फाइल आहे. आता सर्वांले तीच देऊन रायलो." मॉनिटरवर नाव दिसत होतं : 'फायनल नवीन ३'.

दुसरी प्रिंट काढायला वेळ नव्हता. पोरगा तोच कागद घेऊन गेला आणि संध्याकाळी पेढे घेऊन आला. त्याच्याही मॅनेजरनं म्हणे टेबल टेनिस सोडून तीच ओळ बोटानं दाबून धरली होती.

"हे खरं आहे का? रडणाऱ्याले गप्प करता येते?"

पोरगा घाबरून म्हणाला, "हो सर."

"मंग सोमवारपासून ये. आमच्या शिफ्टमध्ये असे तीस आहेत."