विलायती बागाईतदार

दक्षिण इंग्लंडातल्या गल्लीबोळांत हा गृहस्थ हमखास सापडतो. शेजारीपाजारी गुलाब आणि हिरवळ सांभाळून असतात. याच्या कुंपणावरून मात्र केळीची पानं डोकावतात. केळ, कर्दळ, अळू, एरंड. आपल्या परसात सांडपाण्यावर जे बिनबोभाट माजतं, ते हा पदरमोड करून, लॅटिन नावांनी वाढवतो. फुलांचं कौतुक केलंत तर 'येतात कधीमधी' म्हणून विषय बदलतो. पान मोठं हवं, बस्स.

त्याचं दैवत म्हणजे बागकामावर लिहिणारा ख्रिस्तोफर लॉइड. त्याच्या ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टर या घराला नवी दिल्ली आखणाऱ्या ल्यूटन्सच्या हातची गुलाबबाग होती. लॉइडनं सत्तरी उलटल्यावर, 1990च्या दशकात, ती उपटून तिथं केळी-कर्दळी लावल्या. आपला हा नायक पंचावन्नचा, म्हणजे त्याच्या मते अजून उमेदवारीतच.

खरी कसोटी नोव्हेंबरात. त्याची मूसा बासजू केळ 'जपानी' म्हणवते, पण मूळची चीनची. तिचा गड्डा जमिनीत तग धरतो; खोड गोठलं तर मात्र उंचीचा श्रीगणेशा पुन्हा. म्हणून पानं छाटायची, खोडाभोवती जाळी, जाळीत ठासून पेंढा, वर पावसाला टोपण. थंडीपेक्षा ओल वाईट, हे तो पाहुण्याला चहाआधी सांगतो. बाळंतिणीचेही एवढे लाड होत नसतील.

इथिओपियाची तांबडी केळ त्याहून नाजूक. ती गड्ड्यासकट उपटून गॅरेजात, आणि गाडी रस्त्यावर. जानेवारीच्या सकाळी बायको काचेवरचं बर्फ खरवडत असते. हा आत टॉर्च लावून केळीचा गाभा हुंगतो.

एप्रिलात गुंडाळलेलं सोडायचं, मेमध्ये एखाद्या गारठ्याच्या रात्री घरातल्या चादरी घेऊन धावायचं. जुलैत पानं पसरतात, तोवर वारा त्यांच्या चिंध्या करायला हजर.

त्याच्या अळूकडे बघून मी सहज म्हटलं, 'आमच्याकडे याच्या वड्या करतात.' त्यानं काही न बोलता कुंडी मागे सरकवली.

त्याच्याकडे जायचं तर ऑगस्टात जा. पानांखाली उभं राहून फोटो काढून घ्या, त्याला फार बरं वाटतं. फक्त 'केळी कधी लागणार?' एवढं विचारू नका. बासजूची केळी लागलीच तरी कुणी खात नाही.