पेढे आधी, निकाल नंतर

जानेवारी २०१८ मध्ये मँचेस्टर युनायटेडने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. तीत अ‍ॅलेक्सिस सांचेझ पियानोसमोर बसून क्लबचं गाणं वाजवत होता. वाजवलं बरं होतं. पुढच्या दीड हंगामात त्याच सांचेझने ४५ सामन्यांत ५ गोल केले. वर्तमानपत्रांनी तेव्हा छापलेल्या आकड्यांनुसार त्याचा पगार आठवड्याला चार लाख पौंडांच्या आसपास होता. तेव्हापासून युनायटेडच्या त्रासलेल्या चाहत्यांचं ठाम मत आहे की क्लबने वादकच घेतला होता, चेंडू उगाच मध्ये आला.

दहावीच्या परीक्षेला बसण्याआधीच कुणी घरोघर पेढे वाटले, तर आळीत त्याला चार शब्द सुनावले जातील. युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर मात्र ही रीतच पडली आहे. मॅनेजर सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन २०१३ मध्ये विसावं लीग विजेतेपद मिळवून निवृत्त झाले. त्यानंतरच्या खरेद्या पाहिल्या, तर बऱ्याच खेळाडूंची सर्वोत्तम कामगिरी ही त्यांच्या आगमनाच्या दिवशीच झालेली दिसते. राफाएल वरान आणि कासेमिरो यांना तर सामन्याआधी थेट मैदानात आणून प्रेक्षकांना दाखवलं गेलं, नव्या सुनेचं मुखदर्शन व्हावं तसं. टाळ्या कडाडल्या आणि मग पुढच्या काही हंगामांनी त्या आनंदावर पाणी ओतलं.

पॉल पोग्बाचा हिशेब एखाद्या वाण्याच्या पोराला सांगितला, तर ते हसून लोळेल. २०१२ मध्ये युनायटेडने त्याला जवळपास फुकटात युव्हेंटसकडे जाऊ दिलं. २०१६ मध्ये त्याच युव्हेंटसकडून ८ कोटी ९३ लाख पौंड मोजून, म्हणजे तेव्हाची जगातली सर्वांत मोठी रक्कम देऊन, परत आणलं. स्वागताला रॅप गायक होता, हॅशटॅग होता, थाट होता. २०२२ मध्ये करार संपला आणि पोग्बा पुन्हा युव्हेंटसला गेला. पुन्हा फुकट! एकच माल दोनदा फुकट देऊन मधे एकदा विक्रमी भावाने विकत घेण्याचं हे कसब व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत कसं काय आलं नाही, कोण जाणे.

रोनाल्डोच्या पुनरागमनाचं तर काय सांगावं. २०२१ मध्ये त्याला सात नंबरची जर्सी मिळावी म्हणून सहकारी कवानीने ती सोडली आणि प्रीमियर लीगने नियमालाही मुरड घातली. इथे त्याच्यावर अन्याय नको. त्याने त्या हंगामात २४ गोल केले. संघ सहावा आला, तो त्याच्या एकट्याच्या पायाने नव्हे. पण पुढच्याच वर्षी तो दूरचित्रवाणीवर बसून सांगत होता की आपण सोडून गेलो, तेव्हाची जकुझी नि व्यायामशाळा अजून तशीच आहे. लगेच करार मोडला.

मे २०२५ मधला एक आठवडा मात्र उपहास लिहिणाऱ्याची नोकरीच धोक्यात आणणारा होता. २१ मे रोजी बिल्बाओत युरोपा लीगची अंतिम लढत झाली, युनायटेड विरुद्ध टॉटनहॅम. लीगमध्ये अनुक्रमे पंधराव्या आणि सतराव्या स्थानावर हंगाम संपवणारे हे दोन मातब्बर! टॉटनहॅम १-० ने जिंकलं. बरोबर सात दिवसांनी, पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात, कॉन्फरन्स लीगचा अंतिम सामना होता. चेल्सीकडून जेडन सांचो आणि रिअल बेटिसकडून अँटनी. दोघंही युनायटेडचेच, दोघंही उसने दिलेले, दोघांची मिळून खरेदी किंमत १५ कोटी पौंडांच्या वर. सांचोने गोल केला, चेल्सीने चषक उचलला. म्हणजे त्या आठवड्यात युनायटेडच्या पैशाने युरोपियन चषक आला खरा, फक्त तो दुसऱ्याच्या कपाटात गेला. त्यावर कडी म्हणजे सांचोला कायमचं घ्यायचं ठरलं होतं, ते टाळण्यासाठी चेल्सीने नंतर ५० लाख पौंडांचा दंड मोजला.

आणि ज्याच्यासाठी कुणी पियानो आणला नाही, तो स्कॉट मॅकटॉमिने? क्लबच्याच अकादमीत वाढलेला हा पोरगा २०२४ मध्ये नापोलीला विकला. पहिल्याच हंगामात नापोली इटलीचा विजेता आणि मॅकटॉमिने लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू.

खेळाडूंना शिव्या घालण्यात तसा अर्थ नाही. समोरून कुणी आठवड्याला लाखो पौंड देऊ करत असेल, तर ‘माझी तेवढी लायकी नाही हो’ असं म्हणणारा संत फुटबॉलमध्ये अजून जन्माला यायचा आहे. मेख दुसरीकडे आहे. पंधराव्या क्रमांकाच्या त्या हंगामात युनायटेडचं उत्पन्न होतं ६६ कोटी ६५ लाख पौंड, क्लबच्या इतिहासातलं सर्वाधिक. गोल आटले तरी गल्ला आटत नाही. जर्सी विकली जाते, जाहिरातदार येतात, कारण लोक अजून १९९९ चं विजेतं युनायटेड विकत घेतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण सोनूबाईच्या नावावरच बाजार चालत असेल, तर वाळा बदलण्याची घाई कुणाला?

सहमालक सर जिम रॅटक्लिफ यांनी मार्च २०२५ मध्ये मुलाखतीत कबूल केलं की काही खेळाडू पुरेसे चांगले नाहीत आणि काहींना बहुधा जास्त पैसे मिळतात. चाहत्यांना वाटलं, आता कुऱ्हाड पडणार. ती आधीच पडली होती, पण कर्मचाऱ्यांवर. शेकडो नोकऱ्या गेल्या, ओल्ड ट्रॅफर्डवरच्या कर्मचाऱ्यांचं फुकट जेवण बंद होऊन फळं आली. फर्ग्युसन यांचं सदिच्छादूत म्हणून मिळणारं मानधनही थांबवलं. २०२४-२५ हंगामातली उरलेली तिकिटं ६६ पौंडांची केली. लहान मुलांना सूट नव्हती, म्हाताऱ्यांनाही नव्हती. सांचेझच्या एका आठवड्याच्या पगारात किती जणांना वर्षभर ते फुकट जेवण मिळालं असतं, हे त्रैराशिक ज्याने त्याने सोडवावं.

नुसती नावं जमवून संघ होत नाही, हा धडा पॅरिसच्या श्रीमंत पीएसजीने थोडा आधी गिरवला. नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो, शेजारी एम्बापे आणि मेस्सी. तिघं एकत्र खेळले ते दोन्ही हंगाम चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळांतच आटोपले. तिघंही गेले आणि २०२५ मध्ये पीएसजीने अंतिम सामन्यात इंटरला ५-० ने धुतलं.

युनायटेडने त्याच उन्हाळ्यात कुन्या, म्बेउमो आणि शेश्को यांच्यावर सुमारे २० कोटी पौंड ओतले. २७ ऑगस्टला लीग चषकात गाठ पडली ग्रिम्सबी टाऊनशी, चौथ्या श्रेणीतल्या क्लबशी. त्याच दिवशी गणेश चतुर्थी होती. दिवसा घरी बाप्पा बसवून, एकवीस मोदक पोटात घालून मध्यरात्रीनंतर जागत बसलेल्या इथल्या युनायटेडवाल्याने पाहिलं ते असं: अर्ध्या तासात ०-२, डगआउटमध्ये तेव्हाचे मॅनेजर अमोरिम हातातल्या फळीवरचे चुंबक इकडून तिकडे सरकवताहेत, कशीबशी २-२ बरोबरी, आणि मग संपता न संपणाऱ्या पेनल्टी. १२-११. शेवटची म्बेउमोची, आडव्या दांडीवर. विघ्नहर्त्याकडेही काही मर्यादा असतात.

आता नवं स्टेडियम येणार आहे. एक लाख आसनं, सुमारे २ अब्ज पौंड खर्च. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर जुन्या ओल्ड ट्रॅफर्डच्या छतातून धबधबा कोसळताना साऱ्या जगाने पाहिला होता. वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर यांनी मार्च २०२५ मध्ये नवा आराखडा दाखवला, तेव्हा त्याचं वर्णन भलीमोठी छत्री असं केलं. ती पावसाचं पाणीही साठवणार आहे म्हणे. आराखड्याच्या अनावरणाचा सोहळा अर्थातच झकास झाला.