हौद्यातील भोक : स्वरूप आणि उपचार

कोकण किनाऱ्यावर मासळीची ने-आण करणाऱ्या पिकअपचा हौदा, म्हणजे केबिनमागचा माल भरण्याचा उघडा भाग, आरंभी पत्र्याचा असतो आणि पुढे क्रमाक्रमाने भोकांचा होत जातो. वैशेषिक दर्शनाच्या उत्तरकालीन आचार्यांनी अभाव हा सातवा पदार्थ मानला आणि त्याचे चार प्रकार सांगितले, तेव्हा त्यांच्यासमोर पिकअप नव्हती. तरीही त्यांचे वर्गीकरण या वाहनाला चपखल लागू पडते. शोरूममधून निघालेल्या हौद्यात भोक नसते, हा भोकाचा प्रागभाव, म्हणजे वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचे तिचे नसणे होय. काही पावसाळे उलटले की पत्रा उरत नाही, हा पत्र्याचा प्रध्वंसाभाव, म्हणजे नाशानंतरचे नसणे होय. भोक बुजवण्याची पुट्टी म्हणजे पत्रा नव्हे, हा अन्योन्याभाव, म्हणजे एक वस्तू दुसरी नसणे होय. आणि दुरुस्तीचा अंदाजी खर्च ऐकताना मालकाच्या ठायी उत्साहाचा जो अभाव आढळतो, तो तिन्ही काळी टिकणारा असल्यामुळे अत्यंताभाव मानावा लागतो.

भोकाची उत्पत्ती रसायनशास्त्राने समाधानकारकपणे सांगितली आहे. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो, आणि पाण्यात मीठ असले की त्यातून विद्युतप्रवाह सुलभतेने वाहत असल्याने हीच क्रिया फार वेगाने होते. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात किंवा मुंबईच्या ससून डॉकमध्ये बांगड्याचे क्रेट बर्फासह हौद्यात चढले की बर्फ वितळतो, क्षार त्यात मिसळतात आणि ते पाणी वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकावर हौद्याच्या कानाकोपऱ्यांत जाऊन बसते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. त्यामुळे तो पापुद्रे उचलत, सांधे फाकवत पुढे सरकतो आणि खालचा ताजा धातू पाण्याला उघडा करून देतो. पत्रा वाचावा म्हणून मालक त्यावर रबरी मॅट अंथरतो, तेव्हा पाणी मॅटखाली शिरते, तेथे त्याला ऊन लागत नाही, आणि गंजाची निवांत सोय होते.

लोखंड गंजलेच पाहिजे असे नाही, हे सांगण्यासाठी मेहरौलीच्या लोहस्तंभाकडे बोट दाखवण्याची प्रथा आहे. सुमारे 1600 वर्षांपूर्वीच्या त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्याने त्यावर संरक्षक थर तयार झाला आणि दिल्लीच्या तुलनेने कोरड्या हवेत तो टिकला, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तथापि या स्तंभावरून कोणी सुरमईची वाहतूक केल्याचा पुरावा उपलब्ध नाही, आणि रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊसही त्याने अनुभवलेला नाही. म्हणून हे उदाहरण येथे गैरलागू ठरते.

निदानाची साधने दोन आहेत : हातोडी आणि पेचकस. निरोगी पत्र्यावर हातोडी हलकेच आपटली असता टणत्कार होतो, आणि गंजलेल्या पत्र्यावर आपटली असता थप्प असा खजील आवाज येऊन हौद्याखाली तांबड्या भुकटीची धार लागते. जेथे संशय असेल तेथे पेचकसाचे टोक दाबले जाते. ते आरपार गेले की संशय फिटतो आणि भोकांच्या संख्येत एकाची भर पडते. या तपासणीतून दुरुस्तीशास्त्राचा मूळ सिद्धांत हाती येतो, तो असा की दिसणारे भोक हा रोग नसून त्याचा शेवट असतो. रुपयाएवढ्या भोकाभोवती परातीएवढा पत्रा रंगाच्या भरवशावर उभा असतो.

उपचारांबाबत तीन संप्रदाय आढळतात. पहिला लेपवादी. तो भोकामागे जाळी लावून त्यावर पुट्टी, म्हणजे राळ आणि भुकटी यांचा कडक होणारा लगदा, थापतो, पॉलिश पेपर मारतो आणि रंग फवारतो. पुट्टी ओल शोषून घेते, त्यामुळे आतला गंज तिच्या आश्रयाने वाढतच राहतो. हा उपचार गाडी विकली जाईपर्यंत टिकतो, आणि बहुधा त्याचे उद्दिष्टही तेवढेच असते. दुसरा संप्रदाय आच्छादनवादी. तो जुन्या पत्र्यावर नक्षीचा जाड चेकर्ड पत्रा टाकून रिव्हेट ठोकतो आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, या न्यायाने निश्चिंत होतो. परंतु दोन पत्र्यांमधील फटीत खारे पाणी मुक्कामाला येते आणि जुना पत्रा कोणाच्या नजरेस न पडता संपतो.

तिसरा संप्रदाय छेदनवादी असून त्याचेच म्हणणे शास्त्रशुद्ध आहे : भोक बुजवायचे तर ते आधी मोठे करावे लागते. बॅटरीची वायर सोडून आणि डिझेलच्या टाकीपासून अंतर राखून कारागीर ग्राइंडरने गंजलेला भाग कापत जातो, आणि चकचकीत धातू लागेपर्यंत थांबत नाही. एका भोकासाठी गाडी सोडून गेलेला मालक दुपारी परततो, तेव्हा हौद्याला खिडकी पडलेली असते आणि तिच्यातून मागचे चाक स्पष्ट दिसत असते. ‘शेठ, चांगला पत्रा अजून लागतोच कुठे?’ या कारागिराच्या प्रश्नाला उत्तर नसते. त्यानंतर सोळा गेजचा, म्हणजे सुमारे 1.6 मिलिमीटर जाडीचा, तुकडा बेतून वेल्डिंग केले जाते. तेही सलग नव्हे, तर दूरदूरचे टाके घेत, कारण एकाच जागी उष्णता साचली तर पत्रा पापडासारखा वाकतो. ज्या खाचांत ग्राइंडर पोहोचत नाही, तेथे गंजरोधक द्रव लावतात. त्यातील टॅनिक आम्ल गंजाशी संयोग पावून काळपट, स्थिर थर तयार करते. हिरड्यातील टॅनिन आणि हिराकस हा लोहक्षार यांपासून शाई करणाऱ्या जुन्या लेखनिकांना ही क्रिया परिचित होती, मात्र तिचा उपयोग त्यांनी पोथ्यांपुरताच केला. शेवटी वरून व खालून प्रायमर आणि रंग येतो. पैकी खालचा रंग कोणाला दिसत नसल्यामुळे बिलातून तो सर्वप्रथम वगळला जातो, आणि पुढचे भोक तेथूनच उगवते.

या सर्व विवेचनात एक विसंगती उरते. पाणी निघून जावे म्हणून हौद्यात मुळातच काही भोके ठेवलेली असतात. मासळीचे पाणी रस्त्यावर सांडून दुचाकी घसरतात आणि लोक शिव्या घालतात, म्हणून मालक ती भोके चिंध्या कोंबून बंद करतो. मग अडलेले पाणी यथावकाश आपली वाट स्वतः पाडून घेते आणि त्याचे बिल मालकाला भरावे लागते. त्यापेक्षा त्या भोकांना नळी जोडून पाणी एका टाकीत जमवावे, ती योग्य जागी रिकामी करावी, फेरी संपताच मॅट उचलून हौदा गोड्या पाण्याने धुवावा आणि जुनी पिकअप विकत घेताना नव्या रंगाचे कौतुक करण्याआधी गाडीखाली वाकून पाहावे. हौद्याला भोके असणारच आहेत. ती कारखान्याने पाडलेली असावीत की गंजाने, एवढाच निर्णय मालकाच्या हाती असतो.