स्तंभलेखक, मु. पो. घोडेगाव

संपादक दोन ओळींचा परिचय मागतात आणि घोडेगावचा नवा स्तंभलेखक दोन पानं पाठवतो. पहिलं वाक्य ठरलेलं: ‘मी काही लेखक नव्हे.’ उरलेली दोन पानं हे वाक्य खोडून काढण्यात जातात. ज्ञानेश्वरीच्या नेवासे तालुक्याचे सुपुत्र, कवी, व्याख्याते, सूत्रसंचालक, वृक्षप्रेमी. मग पुरस्कार, त्यात देणाऱ्या संस्थेचं नाव पुरस्कारापेक्षा लांब. सोबत हनुवटीला पेन टेकवलेला फोटो. लोक म्हणतात, केवढा हा गर्व! मला मात्र यात निव्वळ धास्ती दिसते, आणि पुरावा त्या दोन पानांतच आहे. गावाला त्याच्याबद्दल जे जे ठाऊक आहे, ते नेमकं तिथे नाही. तो कांद्याच्या आडतीवर हिशोबपट्ट्या लिहितो. वर एक नंबर आणि तळाला गोल्टी भरलेली गोणी त्याला हात घालताच कळते. शुक्रवारच्या बाजारात म्हशीचे दात बघायला लोक त्याला हाताला धरून नेतात. एवढं सगळं गाळायचं कारण एकच: ‘अरे, हा तर आडतीवरचा!’ असं कुणी म्हणू नये.

कुणी म्हणेल, परिचय गावासाठी नसतोच. तो नगरच्या, पुण्याच्या वाचकासाठी असतो, आणि त्याला आडतीशी काय देणंघेणं? खरं तर त्यालाच आहे. कांदा पडल्याची बातमी त्याला घरबसल्या मिळते. लिलाव पुकारताना व्यापारी एकमेकांकडे कसे बघतात, हे कोण सांगणार? ते सांगू शकणारा माणूस आयता हाती लागलेला, आणि छापून येतो ‘संवेदनशील मनाचा कवी’. असे कवी तालुक्यागणिक ट्रॉलीभर निघतील. खेड्याचा शिक्का बसला की शब्दाला वजन राहत नाही, ही भीती निदान या तालुक्यात तरी कुणी बाळगू नये. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली ‘दीनमित्र’ सुरू केला आणि पुढे कित्येक वर्षं तो याच तालुक्यातल्या तरवडीतून काढला. सत्यशोधकांचं ते पत्र. त्याला वजन यायला पुण्याचा पत्ता लागला नाही.

यावर आपला लेखक हुकमाचा एक्का टाकतो: ज्ञानेश्वरीतसुद्धा गाव, राजा, गुरुपरंपरा, शके १२१२ असा सगळा तपशील आलाय की! आलाय, कबूल. पण तो ग्रंथाच्या अखेरीस, नऊ हजारांच्या आसपास ओव्या होऊन गेल्यावर. इथे पहिल्या लेखाचा पत्ता नाही. संपादकांनी विचारलंच तर उत्तर येतं, विषय अजून ठरायचाय. फोटो तेवढा रंगीत छापा.