पुट्टा कुठे आहे?

पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा आहे. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ साली आली, तेव्हापासून तो पंचवीसचाच आहे. धाकटी बहीण मनी देवीच्या आजारानं गेली आणि हा पोरगा आतून पार कोसळला. आपण मात्र साठ वर्षं त्याच्यावर अस्तित्ववादाची चर्चासत्रं घेतोय. पोरगा खचलाय, हे साधं मराठी वाक्य म्हणायला आपली जीभ रेटत नाही.

पुरुष खचला की त्याला विचारवंत करायचं आणि घर सोडून निघाला की ‘शोध सुरू झाला’ म्हणायचं, ही आपली जुनी खोड आहे. अरुण जोशींच्या इंग्रजी कादंबरीतला (१९७१) बिली बिस्वास दिल्लीतली नोकरी, बायको, मूल टाकून जंगलात जातो. आपण नागर संस्कृतीवर वाद घालतो. मागे राहिलेल्या बायकोनं दिवस कसे काढले, हे कुणी विचारत नाही.

म्हणून मला अनंतमूर्तींच्या ‘संस्कार’ या कन्नड कादंबरीतला (१९६५) पुट्टा फार मोलाचा वाटतो. कादंबरीचे नायक, शास्त्री प्राणेशाचार्य बायकोला अग्नी देऊन निघतात, पाय नेतील तिकडे. वाटेत हा बडबड्या पुट्टा त्यांना चिकटतो. कुठले, कुठं निघालात, विचारत सुटतो. कोडी घालतो, जत्रेत फिरवतो, कॉफी प्यायला नेतो. आचार्यांना तो नकोसा होतो, तरी हा पाठ सोडत नाही. शास्त्रातलं त्याला काही कळत नाही. पण माणसाला सोबत कशी करायची, ते त्याला येतं.

आता कादंबरीबाहेर बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आयुष्य संपवलं. त्यात दर दहांमागे सात पुरुष होते. ‘काही नाही रे, जरा दमलोय’ असं म्हणणारा एखादा तुमच्याही घरात, कचेरीत, कट्ट्यावर असेल. त्याला ‘पुरुषासारखा पुरुष तू’ हे ऐकवू नका. पुट्टासारखं त्याच्याबरोबर चहाला जा. नको म्हणाला तरी उद्या पुन्हा जा. जेवतोस का, झोप लागते का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे सरळ विचारा. विचारल्यानं काही बिघडत नाही. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक नुसता पाठवून मोकळे होऊ नका. स्वतः लावा, फोन त्याच्या हातात द्या आणि तो बोलेपर्यंत शेजारी बसून राहा.